संकुल अर्धवट, बिल्डर गायब: तिथे राहणाऱ्यांना सरकारकडून नेमकं काय मिळतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुंबई महानगर प्रदेशाच्या उत्तर टोकाला सात इमारतींचं संकुल. दोन इमारती बांधून झाल्या आणि तिथे साठ-सत्तर कुटुंबं राहायला आली. उरलेल्या पाचांपैकी तीन सांगाड्यावर थांबल्या, दोन जोत्याच्या वर आल्याच नाहीत. ओसी म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र नाही. पाणी टँकरचं, वीज बांधकामासाठी घेतलेल्या तात्पुरत्या मीटरवरून. बिल्डर फोन उचलत नाही. प्रश्नकर्ते विचारतात, "आमच्यासारख्यांसाठी सरकारची काही योजना आहे का? अर्ज कुठे करायचा?"

सोसायट्यांची आणि घर घेणाऱ्यांची अशी प्रकरणं मी बरीच वर्षं हाताळतो आहे, म्हणून उत्तर स्पष्टच देतो. अर्धवट संकुलात राहणाऱ्यांच्या हातात पैसे ठेवणारी योजना महाराष्ट्रात नाही, केंद्राचीही नाही. आयर्लंडमध्ये ती वेगळ्या स्वरूपात झाली. तिथे २००८ नंतर बांधकाम व्यवसाय कोसळला आणि २०१० च्या सरकारी पाहणीत २,८४६ अपूर्ण वसाहती सापडल्या. सरकारने उघडे खड्डे बुजवणं, कुंपण घालणं, पथदिवे लावणं अशा सुरक्षेच्या कामांसाठी ५० लाख युरोंचा निधी काढला. २०१२ मध्ये घरटी १०० युरोंचा नवा कर लागू झाला, तेव्हा सर्वांत वाईट अवस्थेतल्या वसाहतींतल्या कुटुंबांना त्यातून सूट दिली. म्हणजे आधी मोजणी, मग निधी आणि सूट. आपल्याकडे राहत्या अर्धवट संकुलांची अशी स्वतंत्र मोजणी झालेलीच नाही. ती व्हावी असं मला मनापासून वाटतं, कारण तुमची साठ-सत्तर कुटुंबं आज कोणत्याही सरकारी तक्त्यात नाहीत. 'प्रकल्प रखडला' एवढी नोंद होते. त्यात माणसं राहतात याची होत नाही.

आपल्याकडे सरकारचा आधार आहे तो अधिकारांच्या रूपात. बिल्डरला हटवण्याचा, खातं गोठवण्याचा, त्याच्या मालमत्तेतून वसुली करण्याचा, धोकादायक जागा बंद करायला लावण्याचा अधिकार वेगवेगळ्या कार्यालयांकडे आहे. पण तो आपणहून वापरला जात नाही. तुम्ही मागता तेव्हा समोरचा अधिकारी पहिला प्रश्न विचारतो, तुम्ही कोण? साठ-सत्तर सुटे सदनिकाधारक आणि नोंदणीकृत सोसायटी यांना मिळणारी उत्तरं वेगळी असतात.

त्यामुळे सुरुवात सोसायटीपासून करा. ओसी नाही म्हणून सोसायटी होणार नाही, असं बिल्डरची माणसं सांगतात आणि लोक वर्षानुवर्षं थांबतात. महारेरा म्हणजे राज्याचं स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरण. त्याच्या नियमांप्रमाणे इमारतीतल्या ५१ टक्के सदनिकांची नोंदणी झाली की तीन महिन्यांत सोसायटीसाठी अर्ज करणं ही बिल्डरची जबाबदारी आहे. म्हणजे हिशेब बुकिंगचा आहे, ओसीचा नाही. तो अर्ज करत नसेल तर सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे बिल्डरच्या असहकाराचा प्रस्ताव द्यायचा. नोंदणीकृत करारनाम्यांच्या प्रती आणि बिल्डरला पाठवलेल्या नोटिसीची पोच सोबत जोडायची. दोन इमारतींच्या दोन सोसायट्या होतील. सगळ्या संकुलाचं फेडरेशन शेवटच्या इमारतीच्या ओसीनंतर होतं. ते तुमच्या बाबतीत केव्हा होईल हे कोणालाच सांगता येणार नाही, म्हणून त्याची वाट पाहू नका.

दुसरं काम बहुतेक जण करत नाहीत, आणि प्रकरणं तिथेच बुडताना मी पाहिली आहेत. उरलेल्या पाच इमारतींत पैसे अडकलेले लोक शोधा. ते तुमच्यासोबत राहत नाहीत. कोणी भाड्याच्या घरात आहे, कोणी परगावी. तुम्हाला हवं पाणी आणि ओसी, त्यांना हवं घर किंवा पैसे. तुम्हाला वाटतं, आपल्याकडे निदान छप्पर आहे, त्यांच्या भांडणात कशाला पडा. त्यांना वाटतं, तुम्ही सुटलात. ही फूट बिल्डरच्या सोयीची असते. रेरा म्हणजे स्थावर मालमत्ता कायदा, त्यातली मोठी दारं मात्र सगळ्यांच्या सह्यांनीच उघडतात. कलम १५ प्रमाणे प्रकल्प दुसऱ्या विकासकाकडे द्यायचा तर दोन तृतीयांश घर घेणाऱ्यांची लेखी संमती लागते. कलम १४ प्रमाणे मंजूर आराखडा बदलायलाही तेवढीच. कलम ८ प्रमाणे प्रकल्प स्वतःकडे घेण्याचा पहिला हक्क घर घेणाऱ्यांच्या संघटनेचा. साठ-सत्तर सह्यांत यातलं काही होत नाही. या मोजणीत एकाच नावावर दहा सदनिका असल्या तरी तो माणूस एकच धरला जातो, हेही ध्यानात ठेवा. बिल्डरने नातेवाइकांच्या नावे घेतलेल्या सदनिकांचा धाक त्यामुळे बराच कमी होतो.

माहिती काढायला माहिती अधिकाराचा अर्ज पुरतो. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, दीडशे शब्दांची मर्यादा, एका अर्जात एकच विषय, ३० दिवसांत उत्तर. महापालिकेच्या नगररचना विभागाकडून मंजूर आराखडा, बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र, जोते तपासणीचं प्रमाणपत्र, ओसीसाठी आलेला अर्ज आणि तो परत पाठवल्याचं पत्र मागा. ते परतीचं पत्र सर्वांत मोलाचं. ओसी का अडली हे त्यात लिहिलेलं असतं. कधी विकास शुल्काचा हप्ता थकलेला असतो, कधी अग्निशमन दलाचा अंतिम दाखला नसतो. कधी मोकळ्या जागेचं हस्तांतर किंवा सांडपाणी प्रक्रिया केंद्र राहिलेलं असतं. आणि कधी मंजूर सात मजल्यांवर दोन मजले जास्त चढवलेले असतात.

हा शेवटचा फरक फार महत्त्वाचा आहे. अर्धवट आणि बेकायदा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परवानगी असलेली इमारत अपुरी राहिली तर कायदा तुमच्या बाजूने उभा राहतो. परवानगीच नसेल, किंवा तुमचा मजला आराखड्यातच नसेल, तर तुम्ही पैसे मोजून घर घेतलंत एवढ्यावर ते वाचत नाही. वरळीच्या कॅम्पा कोला संकुलातल्या मंजुरीबाहेरच्या मजल्यांवरची कुटुंबं तिथे वर्षानुवर्षं राहत होती, तरी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना संरक्षण दिलं नाही. कल्याण-डोंबिवलीत बनावट परवानग्यांवर महारेराची नोंदणी मिळवलेल्या ६५ इमारतींचं प्रकरण तर अगदी अलीकडचं. म्हणून रेराचा क्रमांक पाहून समाधान मानू नका. प्रारंभ प्रमाणपत्राचा क्रमांक महापालिकेच्या नोंदीत खरोखर आहे का, हे लेखी विचारा. उत्तर नकारार्थी आलं तर पुढचा सगळा मार्ग बदलतो आणि वकील गाठायला एक दिवसही दवडू नये.

तुमच्या बाबतीत परवानग्या खऱ्या आहेत असं धरून पुढे जातो.

रोजच्या जगण्याचा प्रश्न आधी. तुम्हाला बहुधा 'फिट-आऊट'साठी ताबा दिला असेल. म्हणजे फर्निचर करायला किल्ली दिली, आणि भाडं परवडत नाही म्हणून तुम्ही राहायलाच आलात. त्या पत्रावर 'ओसीबाबत माझी तक्रार नाही' असं वाक्य असेल तर घाबरू नका. ओसी मिळवणं ही बिल्डरची कायद्याने ठरवलेली जबाबदारी आहे, आणि मोफा म्हणजे महाराष्ट्राच्या जुन्या सदनिका मालकी कायद्यानुसार ओसीशिवाय त्याने ताबा द्यायलाच नको होता. तुमच्या सहीने त्याची जबाबदारी संपत नाही. रेराच्या कलम ११ प्रमाणे मालमत्ता सोसायटीच्या ताब्यात देईपर्यंतचे कर, पाणीपट्टी, वीजबिल असे खर्च त्याचे आहेत. ताबा देताना मेंटेनन्सची आगाऊ रक्कम घेतली असेल तर तिचा हिशेब मागा.

त्याने किंवा त्याच्या माणसांनी लिफ्ट, जिन्यातले दिवे, पाण्याचा पंप बंद पाडला तर मोफाचं कलम १२-अ वापरा. योग्य कारणाशिवाय अत्यावश्यक सेवा तोडणं हा त्या कलमाखाली गुन्हा आहे आणि ती पूर्ववत करण्याचा आदेश न्यायालयाकडे मागता येतो. हे कलम जुनं आहे, कमी वापरलं जातं, आणि नोटिशीत त्याचा नुसता उल्लेख आला तरी पंप सुरू झाल्याचा माझा अनुभव आहे.

पाण्याबाबत, पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे आणि बांधकाम अनधिकृत आहे म्हणून तिथल्या माणसांना पाणी पूर्णपणे नाकारता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये पाणी हक्क समितीच्या याचिकेत म्हटलं. तो वाद झोपडपट्ट्यांचा होता, पण तर्क तुम्हालाही लागू करता येतो. मुंबई महापालिकेने २०२२ मध्ये 'सर्वांसाठी पाणी' धोरण आणलं, त्यात ओसी नसलेल्या इमारतीही आल्या. तुमची महापालिका वेगळी आहे, म्हणून हे दोन्ही दाखले जोडून आयुक्तांना सोसायटीच्या नावे मानवतेच्या भूमिकेतून जोडणी मागा. दर जास्त लावतील. तो निषेध नोंदवून भरा आणि पावत्या जपून ठेवा.

विजेचं थोडं अवघड झालं आहे. राहणाऱ्याला वीज मागण्याचा हक्क वीज कायद्याच्या कलम ४३ मध्ये आहे आणि ती मूलभूत सोय आहे असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितलं. पण त्याच न्यायालयाने १७ डिसेंबर २०२४ च्या निकालात पूर्णत्वाचा किंवा भोगवट्याचा दाखला पाहूनच वीज आणि पाण्याच्या जोडण्या द्याव्यात, असे निर्देश दिले. बेकायदा बांधकामांना आळा घालणं हा त्याचा हेतू. झळ मात्र तुमच्यासारख्यांना बसते. महावितरणकडे अर्ज करा, नकार मिळाला तर तो लेखी घ्या आणि तोच कागद पुढे महारेरापुढे ठेवा.

उघडे लिफ्टचे खड्डे, न झाकलेल्या पाण्याच्या टाक्या, कठडा नसलेले सांगाडे यांकडे मात्र एक दिवसही दुर्लक्ष करू नका. संकुलात मुलं खेळतात. महापालिकेकडे धोकादायक बांधकामाविषयी महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ खाली अर्ज द्या, आणि प्रांताधिकाऱ्यांकडे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली. धोका दूर करा, खड्ड्याला कुंपण घाला असा आदेश कार्यकारी दंडाधिकारी काढू शकतात. त्यासाठी दिवाणी दावा लागत नाही. तारीख दिसेल असे फोटो जोडा. सरकारी यंत्रणा सर्वांत लवकर हलते ती इथे, कारण अपघात झाला तर त्या अर्जाची पोच कोणाकडे आहे हे सगळ्यांना कळत असतं.

आता मुख्य विषय, प्रकल्प पूर्ण होणार कसा? महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचं पान उघडा. नोंदणीची मुदत संपली आहे का, तिमाही प्रगती अहवाल शेवटचा कधी भरला, किती सदनिका विकल्या आणि किती शिल्लक आहेत, जमिनीवर कोणाचं कर्ज आहे, हे बघा. यातला शिल्लक सदनिकांचा आकडा प्रकल्पाचं भवितव्य ठरवतो. न विकलेल्या सदनिका, शिल्लक चटईक्षेत्र (अजून बांधता येणारं बांधकाम) आणि तुमच्यासारख्यांकडून यायचे उरलेले हप्ते एका बाजूला, उरलेला बांधकाम खर्च आणि कर्ज दुसऱ्या बाजूला. पहिली बाजू जड असेल तर नवा विकासक किंवा निधी येतो. दुसरी जड असेल तर कितीही आदेश मिळाले तरी विटा चढत नाहीत. एखादा सीए आणि एखादा अभियंता यांच्याकडून हा हिशेब कच्चा का होईना, करून घ्या. बैठकांत होणारा निम्मा वाद त्यानेच मिटतो.

रखडलेल्या गृहप्रकल्पांसाठीचा केंद्राचा 'स्वामी' निधी याच हिशेबावर चालतो. नोव्हेंबर २०१९ मध्ये तो २५,००० कोटींच्या उद्दिष्टाने जाहीर झाला, त्यातले १०,००० कोटी केंद्राचे. व्यवस्थापन स्टेट बँक समूहातल्या कंपनीकडे. त्यातून पूर्ण झालेला पहिला प्रकल्प बोरिवलीचाच होता, २०२१ मध्ये. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात आणखी एक लाख घरांसाठी १५,००० कोटींच्या दुसऱ्या निधीची घोषणा झाली. पण हे अनुदान नाही, शेवटच्या टप्प्यासाठी दिलेलं कर्ज आहे. पहिल्या निधीच्या अटींत प्रकल्प रेरात नोंदलेला असणं, येणी ही देण्यांपेक्षा जास्त असणं, सदनिकेचं आतलं वापरायचं क्षेत्र (कार्पेट) २०० चौरस मीटरपर्यंत असणं आणि मुंबई महानगर प्रदेशात तिची किंमत दोन कोटींपर्यंत असणं हे मुद्दे होते. बुडीत कर्ज झालेले किंवा दिवाळखोरीच्या प्रक्रियेत असलेले प्रकल्पही त्यात बसू शकतात. अर्ज मात्र राहणाऱ्यांना करता येत नाही. तो विकासक किंवा कर्ज देणारी संस्था पुढे नेते. तुमचं काम म्हणजे सर्वांच्या संमतीचा ठराव आणि तो हिशेब घेऊन त्यांच्यामागे लागणं.

बिल्डरच हटवायचा असेल तर कलम ७ आणि ८. सततची कसूर दाखवून नोंदणी रद्द करण्याची मागणी कलम ७ खाली करता येते. नोंदणी रद्द झाली की महारेरा प्रकल्पाचं बँक खातं गोठवायला सांगते आणि पुढच्या कामासाठी ते पुन्हा खुलं करण्याचा आदेशही देऊ शकते. मग कलम ८ प्रमाणे सरकारशी विचारविनिमय करून उरलेलं काम सक्षम यंत्रणेकडून किंवा घर घेणाऱ्यांच्या संघटनेकडून करून घेता येतं. वाचायला हे फार आकर्षक आहे. प्रत्यक्षात संघटनेने प्रकल्प हाती घेतला की कंत्राटदार, पैसे, परवानग्या सगळं तिच्या डोक्यावर येतं. चार-पाच जण नोकरी सांभाळून हे पेलत नाहीत. माझा कल कलम १५ कडे असतो. नवा विकासक आधी शोधायचा, दोन तृतीयांश संमती गोळा करायची आणि महारेराची लेखी मंजुरी घ्यायची. नव्या विकासकाला जुन्याच्या सगळ्या जबाबदाऱ्या कायद्याने उचलाव्या लागतात, तुमच्या ओसीसकट. त्याला परवडावं म्हणून उरलेल्या इमारतींचे मजले वाढवायचा प्रस्ताव येईल. राहणाऱ्यांचा विरोध बहुतेक वेळा तिथेच उफाळतो. गर्दी वाढेल, पार्किंग कमी पडेल, ही भीती खोटी नाही. तरीही मी म्हणेन की आराखडा नीट तपासून, तुमच्या इमारतींची ओसी आणि पाणी आधी मिळेल अशी अट लेखी घालून, संमती द्या.

दिवाळखोरीच्या मार्गाने जाण्याआधी मात्र दहादा विचार करा. एकाच प्रकल्पातले १०० जण किंवा एकूण खरेदीदारांपैकी १० टक्के एकत्र आले की कंपनीविरुद्ध अर्ज करता येतो. पण तो दाखल करून घेतला गेला की कंपनीविरुद्धच्या सगळ्या वसुल्या आणि दावे थांबतात, महारेराच्या वसुलीसकट. बँकेने आधीच अर्ज केला असेल तर मुदतीत 'सीए' नावाचा दाव्याचा फॉर्म भरून दावा नोंदवा. आपण तर राहतोच आहोत, दावा कशाला, असं म्हणू नका. प्रकरण अवसायनापर्यंत, म्हणजे कंपनी मोडीत काढण्यापर्यंत गेलंच, तर ताबा दिलेली सदनिका अवसायनाच्या मालमत्तेत धरली जात नाही, अशी तरतूद २०२४ मध्ये झाली. म्हणून ताब्याचं पत्र, वीजबिल, कराची पावती, आधारवरचा पत्ता असे पुरावे आजपासून एका फाइलीत लावा.

पात्रा चाळीत म्हाडा उतरली, मग आमच्याकडे का नाही, असंही विचारलं जातं. गोरेगावच्या त्या ६७२ कुटुंबांची जमीन म्हाडाची होती. दक्षिण मुंबईतल्या उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या) इमारतींसाठी म्हाडा कायद्यात कलम ९१-अ आहे, झोपडपट्टी योजनेत विकासक बदलण्याची स्वतंत्र तरतूद आहे. तुमची जमीन खासगी असेल तर ही दारं तुमच्यासाठी नाहीत. सातबारा एकदा पाहून घ्या.

पैशाचा हक्क प्रत्येकाने वेगळा जपायचा. कलम १८ खाली विलंबाचं व्याज मागता येतं. दर स्टेट बँकेच्या सर्वोच्च एमसीएलआरवर (बँकेच्या कर्जाचा पायाभूत दर) आणखी दोन टक्के, महारेराकडे तक्रारीचं शुल्क ५,००० रुपये. आदेश पाळला नाही तर वसुली जिल्हाधिकाऱ्यांमार्फत, जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी. आदेश मिळणं सोपं, वसुली अवघड. बिल्डरच्या नावावर कुठे काय मालमत्ता आहे हे तुम्हीच शोधून तहसीलदारांना दिलंत तर गती येते. गृहकर्जाचे हप्ते थांबवू नका. तसं केल्याने बिल्डरला काही होत नाही, तुमची पत मात्र जाते. जुन्या करपद्धतीत असाल तर कर्ज घेतलेल्या आर्थिक वर्षानंतर पाच वर्षांत घर पूर्ण झालं नाही तर व्याजाची वजावट दोन लाखांवरून ३०,००० वर येते, हे सीएला विचारा.

ओसीसाठी ग्राहक आयोगाचं दारही उघडं आहे. जानेवारी २०२२ मध्ये समृद्धी सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ओसी न देणं ही सेवेतली त्रुटी मानली. १९९७ पासून ओसीविना राहणारी ती माणसं २५ टक्के जादा मालमत्ता कर आणि ५० टक्के जादा पाणीपट्टी भरत होती. बिल्डरची कसूर रोज चालू आहे, म्हणून दावा मुदतबाह्य नाही, असं न्यायालयाने म्हटलं. पाणीपट्टीच्या पावत्या जपायला सांगितलं ते याचसाठी.

तुमच्या दोन इमारती आराखड्याप्रमाणे असतील तर अंशतः ओसीची मागणी सगळ्यांत आधी लावा. बाकी पाच इमारतींची वाट न पाहता ती मिळू शकते. सोसायटीने स्वतःचा परवानाधारक आर्किटेक्ट नेमून त्रुटींची यादी आणि थकीत शुल्काचा आकडा महापालिकेकडून लेखी घ्यावा. ती रक्कम घरटी वाटून परवडण्याजोगी असेल तर महारेराच्या परवानगीने भरा आणि बिल्डरकडून वसूल करण्याचा हक्क आदेशातच राखून घ्या. आर्किटेक्टने या बिल्डरचं काम पूर्वी केलेलं नाही याची खात्री मात्र नेमण्याआधी करा.